पाव किलोवॉटची सायकल

इंधनाला पर्याय : लेखांक ७

पुण्यात पूर्वी सायकलला बिल्ला लागत असे. कर भरला की पत्र्याचा तो बिल्ला मिळे आणि तो सायकलला अडकवून हिंडावे लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की हवालदार चाकातली हवा सोडून देई. त्या सायकलला ना मोटर होती ना बॅटरी. आज मोटर, बॅटरी, डिस्प्ले असा सगळा सरंजाम असलेली इलेक्ट्रिक सायकल दुकानातून थेट रस्त्यावर येते, आणि तिला नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही, विमा नाही, आरटीओत खेटे नाहीत. मागच्या लेखांकातल्या इलेक्ट्रिक स्कूटरला हे सगळे लागत होते.

पेट्रोल शंभरीच्या पुढे जाऊन तिथेच ठाण मांडून बसल्यापासून ‘लायसन्सची झंझट नाही’ या एका वाक्यावर बरीच विक्री होते. ते वाक्य खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या नियम २(यू) मध्ये आहे. बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाच्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी असेल, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या वर जात नसेल, तर कायद्याच्या लेखी ते मोटार वाहन नव्हेच. पायडल मारताना मोटरने हातभार लावणाऱ्या सायकलसाठी आणखी नेमके सांगितले आहे: वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत जावी, पंचविसाला ती पूर्ण थांबावी, आणि पाय थांबले तर त्याआधीच थांबावी. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा, ब्रेक धड हवेत. शिवाय पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने त्या मॉडेलला तसे प्रमाणपत्र दिलेले हवे.

यातला ‘तीस मिनिटांची शक्ती’ हा शब्दप्रयोग नीट पाहण्यासारखा आहे. मोटर सलग अर्धा तास, न तापता, जेवढा भार ओढू शकते ती ही शक्ती. चढावर मिनिटभर ती याच्या दुप्पटही खेचू शकते. त्यामुळे २५० वॉट ऐकून ‘एवढ्याशाने काय होणार’ असे म्हणणाऱ्यांचा अंदाज चुकतो. घरातला मिक्सर ५०० ते ७५० वॉटचा असतो, हे खरे. पण धडधाकट माणूस सायकलवर तासभर पाय मारतो तेव्हा त्याच्याकडून ७५ ते १०० वॉटच निघतात, आणि तेवढ्यावर माणसे आयुष्यभर कामाला गेली आहेत. त्यात अडीचशेची भर म्हणजे तीन सायकलस्वारांचे पाय तुमच्या पायांच्या दिमतीला. पाच टक्के चढावर माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो वजन ताशी दहाच्या वेगाने चढवायला जेमतेम १४० वॉट लागतात. बावधन किंवा पाषाणहून चांदणी चौकाकडे चढताना घामाघूम होणाऱ्याला एवढे पुष्कळ झाले.

आता वेगाची मर्यादा. ‘पंचवीस फार कमी, निदान चाळीस तरी द्यायला हवे होते’ ही तक्रार प्रत्येक दुकानात ऐकू येते. मला वाटते, या वाहनाचे सगळे अर्थशास्त्र त्या पंचविसातच आहे. सपाट रस्त्यावर ताठ बसलेल्या सायकलस्वाराला ताशी २५ ने जायला साधारण १७० वॉट लागतात. तीच सायकल ४५ ने पळवायची तर सातशे-आठशे लागतात, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाने. किलोमीटरमागे खर्च होणारी वीज अडीचपट होते. मग बॅटरी अडीचपट हवी, मग तिचे वजन पेलायला फ्रेम जाड, थांबायला ब्रेक मोठे, टायर रुंद. हळूहळू ती सायकल स्कूटर होते आणि स्कूटरच्याच भावात जाते. युरोपीय संघात पायडल-मदतीच्या सायकलला हीच मर्यादा आहे, २५० वॉट आणि ताशी २५. जपानमध्ये मोटरची मदत २४ ला संपते. यामाहाने १९९३ मध्ये पायडल-मदतीची पहिली सायकल बाजारात आणली ती तिथेच. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मात्र ७५० वॉट आणि ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरपर्यंत हात सैल सोडला आहे.

हिशेबाकडे येऊ. आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या ई-सायकलची बॅटरी बहुधा ३६ व्होल्ट, १० अॅम्पिअर-तासांची असते. गुणाकार केला की ३६० वॉट-तास, म्हणजे एक युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त. चार्जरमधली गळती धरून भिंतीतून ४२० वॉट-तास जातात. पाय थोडेफार मारले तर यात तीस किलोमीटर सहज होतात. महावितरणचे बिल सगळे आकार धरून युनिटला बारा रुपये पडते असे धरा, तर तीस किलोमीटरला वीज पाच रुपयांची. पंचेचाळीसचा अॅव्हरेज देणाऱ्या स्कूटरला तेवढ्याच अंतरासाठी दोन-तृतीयांश लिटर पेट्रोल लागते, म्हणजे १०५ च्या भावाने सत्तर रुपये.

पाच आणि सत्तर. जाहिरात इथे थांबते. आपण थांबायचे नाही, कारण ई-सायकलचा खरा खर्च विजेचा नसून बॅटरीचा आहे. लिथियम-आयनची ही बॅटरी सहाशेच्या आसपास पूर्ण चार्ज झाली की तिची धारण करण्याची ताकद लक्षात येण्याइतकी उतरते. सहाशे गुणिले तीस, म्हणजे अठरा हजार किलोमीटर. नवी बॅटरी बारा हजारांची धरली तर किलोमीटरमागे ६७ पैसे झाले, विजेच्या चौपट. वीज आणि बॅटरी मिळून ८४ पैसे, स्कूटरचे नुसते पेट्रोल २ रुपये ३३ पैसे. रोज जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, अशा माणसाचे वर्षाला सुमारे सात हजार रुपये वाचतात. तीस-पस्तीस हजारांची सायकल साडेचार-पाच वर्षांत वसूल. विक्रेता सांगतो तितक्या झटपट नाही, पण बुडीतही नाही. मात्र आज जो पीएमपीच्या बसने, साध्या सायकलने किंवा पायी जातो त्याला ही बचत लागू नाही. त्याला हा नवा खर्च आहे. गुडघे किंवा घाटरस्ता आड येत असतील तर तो करावा, पण पेट्रोल वाचवल्याचे समाधान त्यात शोधू नये.

धुराचे गणितही असेच दोन टप्प्यांचे. ई-सायकलला धुराडे नाही हे उघड आहे. पण महाराष्ट्रातली बरीच वीज अजून कोळशावर होते: चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ, नाशिकजवळचे एकलहरे. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. पुण्यात फिरणाऱ्या सायकलचा धूर तिथे निघतो आणि तिथल्या लोकांच्या छातीत जातो, हे पुण्यातल्या पर्यावरणप्रेमींनी विसरू नये. तरीही बेरीज सायकलच्याच बाजूची आहे. लिटरभर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या वीजजाळ्यातल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो. म्हणजे तीस किलोमीटरला स्कूटरचा दीड किलो आणि ई-सायकलचा तीनशे ग्रॅम. बरीचशी कोळशाची वीज वापरूनही पाचवा हिस्सा, आणि तो बऱ्याच अंशी वाहन हलके आणि हळू असल्यामुळे. बॅटरी बनवतानाचे प्रदूषण वेगळे. पण तीन किलोवॉट-तासांच्या स्कूटरच्या तुलनेत ही बॅटरीच आठव्या हिश्श्याची असते.

सरकारला या वाहनाचे काय करावे ते अजून उमगलेले दिसत नाही. जीएसटीत इलेक्ट्रिक वाहनांच्या व्याख्येत ई-सायकल आधीपासून असल्याने तिला पाच टक्के कर होता, तर साध्या सायकलला सप्टेंबर २०२५ पर्यंत बारा. मोटर बसवली की कर निम्म्याहून कमी! आता दोन्ही पाचवर आल्या. उलट, नोंदणी होणाऱ्या इलेक्ट्रिक दुचाकींना ‘फेम-२’मध्ये केंद्राचे अनुदान मिळाले तेव्हा ई-सायकल त्याबाहेर राहिली. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार ई-सायकलींना साडेपाच हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले, हा एक अपवाद.

आता त्या अर्ध्या वाक्यातला धोका. कंट्रोलरमधली वेगमर्यादा ही बऱ्याचदा एका वायरीची किंवा डिस्प्लेतल्या एका आकड्याची गोष्ट असते. ‘लिमिट काढून देतो’ असे दुकानदार कुजबुजतो आणि सायकल पस्तीस-चाळीसने पळते. जुन्या सायकलला बसवायचे ५०० किंवा ७५० वॉटचे किटही सर्रास मिळतात. ज्या क्षणी पंचवीस किंवा अडीचशेची रेघ ओलांडली त्या क्षणी कायद्याने ते मोटार वाहन झाले, तेही बिननोंदणीचे, बिनविम्याचे. दंडाचे आकडे दुय्यम आहेत. धक्का लागून एखाद्या पादचाऱ्याचा पाय मोडला तर भरपाई विमा कंपनी देणार नाही, ती तुमच्या खिशातून जाईल. आणि क्लासला जायला सोपे म्हणून नववी-दहावीतल्या मुलाच्या हाती असे ‘मोकळे’ केलेले वाहन दिले, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ पालकांना लागू होते: २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा वाहनांविरुद्ध मोहीम काढली होती, तरी दुकानातली कुजबुज चालूच आहे.

मूठ पिळून चालणाऱ्या, थ्रॉटलच्या सायकलींबद्दल गैरसमज फार आहेत. आपल्या नियमात थ्रॉटलला बंदी नाही. वर सांगितलेल्या मर्यादांत बसणारे आणि तसे प्रमाणपत्र असलेले वाहन पायडल न मारताही चालवता येते. तेव्हा दुकानात ‘आरटीओ फ्री’चा स्टिकर पाहून भागत नाही. चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागायची आणि त्यावरचे मॉडेलचे नाव समोरच्या सायकलच्या नावाशी ताडून पाहायचे. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरे दुकान गाठावे. हेल्मेटची सक्ती नाही, पण पंचविसाने पडले तरी डोके फुटते.

उरल्या घरगुती सूचना. चार्जर कंपनीचाच वापरावा आणि बॅटरी दाराशी, बाहेर पडण्याच्या वाटेवर चार्जिंगला लावू नये. लिथियमची आग लागली तर तीच वाट लागते. जळगाव-नागपूरच्या मे महिन्यात सायकल उन्हात उभी करायची असेल तर बॅटरी काढून सावलीत न्यावी. पावसाळ्यात पाण्याचा फवारा हबवर मारू नये. आणि खरेदीआधी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारून ठेवावे. मागच्या चाकात हब मोटर असली की वायर सोडवून, अॅक्सलचे नट ढिले करून मगच चाक निघते. चाकाचा आउट काढण्यात हातखंडा असलेले कारागीरही याला पुष्कळदा सरळ नाही म्हणतात. मोटर पुढच्या चाकात किंवा पायडलच्या अॅक्सलपाशी असेल तर मागचे पंक्चर साध्या सायकलसारखे निघते, पण पायडलपाशी मोटर असलेल्या सायकलींच्या किमती सहसा बऱ्याच वर असतात.

(पुढील लेखांकात : दूध, पेपर आणि सिलिंडर वाहणाऱ्या मालवाहू ई-सायकली)