आगीत न मरणारे पुस्तक
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

उल्हासनगरला जाताना आपण सहज ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतो. हा ‘कॅम्प’ दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीचा. त्याच युद्धातील एक अमेरिकन भित्तिपत्रक सरांनी इतिहासाच्या तासाला दाखविले, आणि ते माझ्या मनातून जाईना.

अमेरिकन सरकारने ते १९४२ साली काढले. चित्रात भिंतीएवढे प्रचंड पुस्तक उभे आहे. त्याच्या पायथ्याशी नाझी लोक पुस्तकांची होळी करीत आहेत. पण त्या पुस्तकापुढे ती माणसे अगदीच लहान दिसतात. पुस्तकावर अध्यक्ष रूझवेल्ट यांचे वचन आहे. त्याचा आशय असा की, माणसे मरतात, पण पुस्तके आगीने मरत नाहीत. विचारांच्या युद्धात तीच शस्त्रे होत. होळीचा प्रसंग खरा आहे. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये पुस्तके जाळण्यात विद्यार्थीच पुढे होते. आपल्यासारखेच विद्यार्थी!

पण पुस्तक खरोखरच मरत नाही का? मला शंका आली, कारण आमचे घर हेंद्रेपाड्यात, उल्हास नदीच्या बाजूला. जुलै २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरले आणि माझी शाळेची पुस्तके भिजली. आईला वाचता येत नाही. तरी पाणी ओसरल्यावर तिने एकेक पान सोडवून दोरीवर वाळत घातले. पुष्कळ पानांचा लगदाच झाला होता. शेवटी शेजारच्या ताईने आपली जुनी पुस्तके दिली. तेच धडे, तीच चित्रे!

म्हणजे पुस्तक कागदाच्या बळावर जगत नाही. त्याची दुसरी प्रत दुसऱ्या कोणाकडे असते म्हणून जगते. बर्लिनच्या होळीनंतर बरोबर एक वर्षाने, १० मे १९३४ रोजी, परागंदा जर्मन लेखकांनी पॅरिसमध्ये जाळलेल्या पुस्तकांचे ग्रंथालय उघडले. युद्धकाळात अमेरिकेने सैनिकांच्या खिशात मावतील अशा पुस्तकांच्या १२ कोटींहून अधिक प्रती छापल्या. मात्र त्याच अमेरिकेच्या दक्षिण भागात अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. पुस्तक जर शस्त्र असेल, तर ते सर्वांच्या हाती का नको?

आपल्याकडे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाची सोय झाली. दुसरी प्रत जपण्याची व्यवस्था अशी आपल्या दाराशी आहे.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. यंदा वाचनालयाची सभासद झाले. पहिले पुस्तक घरी आणले तेव्हा आईने विचारले, “हे परत द्यायचं ना?” मी हो म्हटले. ती म्हणाली, “मग बरं. पाणी आलं तरी तिकडं राहील.”

रूझवेल्ट यांचे वचन आईने कधी ऐकलेले नाही. पण त्याचा अर्थ तिला माझ्या आधी कळला होता.