फुलाचा फोटो आणि त्यावरचा शेरा



बँकेत असताना शाखेची तपासणी झाली की अहवालात पानभर शेरे येत. चुका नेमक्या दाखवलेल्या असत, पण त्या टाळायच्या कशा हे क्वचितच लिहिलेले असे. अहवाल वाचून शाखेतले सगळे दोन दिवस गप्प. निवृत्तीनंतर मी स्वतःच तसा तपासनीस झालो होतो, आणि तोही फुलांच्या फोटोंचा. हे मला जरा उशिराच कळले.

मासिक बैठकीत शेवटची वीस मिनिटे आपण एकमेकांनी काढलेले फुलांचे फोटो पडद्यावर पाहतो. गेल्या पावसाळ्यात एका वहिनींनी त्यांच्या गॅलरीतल्या लाल जास्वंदीचा फोटो आणला होता. मी लगेच चार दोष मोजून दाखवले. फूल अगदी मध्यभागी, मागे कपडे वाळत घालायची दोरी, पाकळ्यांचा नुसता लाल डाग, मधला दांडा अस्पष्ट. चारही बरोबर होते. वहिनी "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या तीन बैठकांना त्यांनी फोटो आणला नाही.

मी काय सांगायला हवे होते, ते आज लिहितो. इतरांनाही उपयोगी पडेल.

लाल जास्वंदीचा डाग का होतो? कॅमेऱ्यात लाल, हिरवा आणि निळा असा तीन रंगांचा प्रकाश वेगवेगळा मोजला जातो. कॅमेरा सगळ्या चित्राचा उजेड पाहून किती प्रकाश घ्यायचा ते ठरवतो. जास्वंदीत जवळजवळ सगळा भार लाल रंगावर असतो. म्हणून लालाचे माप आधीच काठोकाठ भरते आणि पाकळीवरच्या शिरा, सुरकुत्या त्यात बुडून जातात. उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर फुलावर बोट टेकवा. बऱ्याच फोनमध्ये तिथे सूर्याचे छोटे चिन्ह येते, ते थोडे खाली ओढा. चित्र जरा काळपट वाटले तरी चालेल. काळपट फोटो नंतर उजळता येतो, पण एकदा बुडालेल्या शिरा परत येत नाहीत.

पांढऱ्या फुलाचेही असेच. गर्द पानांतला मोगरा कॅमेरा जास्त उजळतो, तिथे उजेड कमी करा. मात्र पांढऱ्या शेवंतीने सगळी चौकट भरली असेल तर कॅमेरा तिला राखाडी करतो, तिथे उजेड वाढवा.

दांडा अस्पष्ट येतो त्याचे कारण बहुधा अंतर. बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला १०-१५ सेंटीमीटरपेक्षा जवळची वस्तू स्पष्ट पकडता येत नाही. आपण हौसेने नाक लावतो तसा फोन लावतो. त्यापेक्षा हातभर मागे सरून दुप्पट झूम करावा. वारा असेल तर थांबावे. सकाळचा कोवळा उजेड किंवा ढगाळ दिवस सर्वांत चांगला. उन्हाळ्यात आपल्या बडोद्यात नऊनंतरचे ऊन पाकळ्यांवर नुसते चटके देते. अशा वेळी एखाद्याने फुलावर छत्री धरली तरी फरक पडतो.

आता शेरा कसा द्यावा. मी स्वतःपुरते तीन नियम केले आहेत.

पहिला, आधी विचारायचे की तुम्हाला यात काय दाखवायचे होते. रंग, दव, की फुलावरची मुंगी? ते कळल्याशिवाय दोष ठरतच नाही.

दुसरा, एका फोटोवर एकच सुधारणा सांगायची, आणि तीही घरी करून पाहता येईल अशी.

तिसरा, नुसते "वा, छान" म्हणायचे नाही. काय छान ते सांगायचे. कौतुक मोघम असले तर पुढच्या वेळी काय टिकवायचे ते समोरच्याला कळत नाही.

नावाच्या बाबतीत मात्र चूक सांगावीच, हळू आवाजात. घरोघरी रात्री फुलणाऱ्या फुलाखाली आपण "ब्रह्मकमळ" लिहितो. ते मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे, निवडुंगाच्या कुळातले. उत्तराखंडचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळ वेगळे, ते उंच हिमालयात उगवते. याने कोणाच्या फुलाची शोभा कमी होत नाही. आणि फोटोसाठी फूल तोडू नये, वाफ्यात पाय घालू नये. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी आपल्याला दिलेली कमाटीबाग सगळ्यांची आहे.

दिवाळीनंतर मी आणि सौ. वहिनींकडे फराळाला गेलो होतो. मी माझ्या शेऱ्याचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, दोरी मलाही दिसत होती. पण गुडघ्यामुळे मला खाली वाकता येत नाही, आणि उभ्याने काढलं की दोरी येतेच. फूल पहिल्यांदाच आलं होतं, ते सगळ्यांना दाखवायचं होतं."

मी काय बोलणार? आम्ही कुंडी उचलून स्टुलावर ठेवली आणि मागे एक काळी चादर अडकवली. एवढेच काम होते. पाच मिनिटे लागली. ते मला पावसाळ्यातच सुचायला हवे होते.

पुढच्या बैठकीला त्यांनी नवा फोटो आणला. फूल अजूनही मध्यभागीच होते. पण पाकळीवरच्या शिरा मोजता येत होत्या. मी तेवढेच सांगितले.

पुढच्या महिन्यात झेंडू किंवा शेवंती आणू या. फोटो बिघडलेला असेल तर तो अवश्य आणा, त्यावर बोलायला जास्त मिळते.