तबलजींनो, स्टुडिओत जाण्यापूर्वी हे वाचा

रेकॉर्डिंगला तबला लावून नेला तरी एसीत पुडीचा ताण बदलतो. मुंबईच्या दमट हवेतून कोरड्या थंडीत आलं की चामडं ताणतं आणि सूर चढतो. म्हणून तासभर आधी पोहोचा, तबला उघडा ठेवा, मगच हातोडी घ्या. पट्टी आदल्या दिवशीच विचारून ठेवा. काळी एक आणि काळी चार यांना एकच तबला पुरत नाही. घरी क्लिकवर ठेका धरायचा सराव हवाच, लेहऱ्याची सवय स्टुडिओत फारशी कामी येत नाही. हेडफोनचा आवाज बेताचा ठेवा, नाहीतर क्लिक माइकमध्ये शिरते. अंगठ्या, कडं, घड्याळ बाहेरच. (सळसळणारा झब्बासुद्धा!) तुम्ही आणखी काय काळजी घेता? कमेंटमध्ये लिहा.