चित्रांची लायब्ररी बांधताना

संगणकावर चित्रे दाखवणारे कितीतरी प्रोग्रॅम असतात. पण पीएनजी प्रकारचे चित्र उलगडण्याचे काम त्यांतले बहुतेक स्वतः करीत नाहीत. ते काम ‘लिबपीएनजी’ ही लायब्ररी करते. ती मुक्त आहे, म्हणजे तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते. एखाद्या विद्यार्थ्याने “सर, ही आपणच बांधायची का?” असे विचारले, तर हो म्हणावे. मात्र वाटेतले दोन खड्डे ठाऊक हवेत.

पीएनजीचा जन्म एका भांडणातून झाला. जीआयएफ चित्रांमध्ये माहिती आवळून ठेवण्याची जी पद्धत होती, तिचे पेटंट युनिसिस कंपनीकडे होते. १९९४ च्या अखेरीस सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून त्यासाठी पैसे मागितले जाणार असे जाहीर झाले. तेव्हा १९९५ मध्ये काही प्रोग्रॅमरांनी मिळून नवा, सर्वांना खुला प्रकार आखला. त्यातली आवळण्याची बाजू ‘झेडलिब’ ही दुसरी मुक्त लायब्ररी सांभाळते.

आता बांधणी. उतरवून घेतलेल्या संचात सी भाषेतला मजकूर असतो. प्रोसेसरला तो कळत नाही. शिवाय इंटेल आणि एआरएम या प्रोसेसरांची यंत्रभाषा निराळी. म्हणून ज्या प्रकारच्या यंत्रावर वापरायचे, त्याच्या भाषेत भाषांतर करावे लागते. हेच कंपाइल करणे. लिनक्सवर त्यासाठी तीन आज्ञा पुरतात. ‘कॉन्फिगर’ यंत्राची पाहणी करते, ‘मेक’ भाषांतर करते, ‘मेक इन्स्टॉल’ तयार फायली जागेवर ठेवते. मेकनंतर ‘मेक चेक’ जरूर द्यावी; ती नमुन्याची चित्रे वाचून, पुन्हा लिहून, ताडून पाहते.

पहिला खड्डा कॉन्फिगरलाच लागतो: ‘झेडलिब बसवलेली नाही.’ विद्यार्थी गोंधळतो, कारण झेडलिब यंत्रावर असतेच! पण जी असते ती फक्त चालवण्यापुरती. बांधणीसाठी तिची शीर्षफाइलही लागते, कारण तिच्यात कोणत्या फंक्शनला काय द्यायचे याची यादी असते. डेबियन व उबुंटूमध्ये ही ‘डेव्ह’ शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात मिळते. ते आणले की गाडी पुढे सरकते.

दुसरा खड्डा फसवा आहे. सगळे विनातक्रार बसते, नवा प्रोग्रॅम चालवला की ‘सामायिक लायब्ररी उघडता येत नाही’ असा निरोप येतो. फायली तर समोर दिसत असतात! कारण असे की, प्रोग्रॅम सुरू करताना लिनक्स सगळी डिस्क धुंडाळत नाही. आधी करून ठेवलेली यादी पाहते. ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन यादी ताजी करावी लागते. काही लिनक्समध्ये ‘यूएसआर-लोकल’ हा कप्पा त्या यादीच्या वाटेवरच नसतो. तिथे तो आधी नोंदवावा लागतो.

हा कप्पा सोडून थेट ‘यूएसआर’मध्ये फायली टाकण्याचा मोह मात्र नको. तिथे यंत्राची स्वतःची लिबपीएनजी असते, आणि ती पुसली गेली तर डेस्कटॉपच उघडेनासा होऊ शकतो. प्रयोगशाळेत मुख्य पासवर्ड हाताशी नसेल तर कॉन्फिगरला ‘प्रीफिक्स’ म्हणून आपल्याच घरच्या फोल्डरमधल्या एका वेगळ्या फोल्डरचे नाव द्यावे. पुढे नको वाटले, तर तेवढा फोल्डर पुसला की झाले.