गिअर अडला म्हणजे गिअर गेला, असं नव्हे

वालीव-सातिवलीच्या कारखान्यांचा माल वाहणारे जुने पिकअप मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कोंडीत सापडले, की पहिला-दुसरा-तिसरा यांतच त्यांचा दिवस जातो. मग एके दिवशी दुसरा गिअर टाकताना ‘कर्र’ आवाज येतो, ‘गिअर गेला’ असा निकाल लागतो आणि अख्खा बॉक्स बदलायचं बोलणं सुरू होतं. हा निकाल घाईचा आहे. पुढे जाण्याच्या गिअरांची चाकं एकमेकांत कायम गुंतलेलीच असतात. आपण लिव्हरने सरकवतो ती एक स्लीव्ह, जी हव्या त्या चाकाला शाफ्टशी जखडते. जखडण्याआधी दोघांचा वेग जुळवावा लागतो, आणि ते काम शंकूवर घासणारी पितळी सिंक्रो रिंग करते. १९२८ मध्ये कॅडिलॅकने मोटारीत आणलेली ही युक्ती आजही तशीच चालते. कर्र आवाज होतो तो स्लीव्ह वेग न जुळता चाकाच्या कडेच्या लहान दातांवर आपटते म्हणून. भार वाहणारे मोठे दात बहुधा शाबूत असतात.

दुसऱ्याचीच रिंग आधी का झिजते, हे हिशेबाने कळतं. समजा दुसऱ्याचं प्रमाण २.२ आणि तिसऱ्याचं १.४ आहे. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात आलात, तर क्लच प्लेटसकट इनपुट शाफ्टला क्षणात सुमारे ३१४० फेऱ्यांपर्यंत पळवावं लागतं. कोंडीत हे दिवसभर चालतं आणि तो सगळा ताण त्या एका कडीवर पडतो.

अर्थात प्रत्येक कर्र रिंगचीच नसते. सगळेच गिअर, विशेषतः रिव्हर्स, अडत असतील तर क्लच पुरता सुटत नाही. बॉक्सला हात लावायचं कारणच नाही. न्यूट्रलमधली घरघर क्लच दाबल्यावर थांबली तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा, आणि दाबल्यावरच सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर. कुणी म्हणेल, बॉक्स उतरवायचाच आहे, तर भंगारातला तयार का बसवू नये? प्रोपेलर शाफ्ट, स्टार्टर, क्रॉस मेंबर सोडवून जॅकवर बॉक्स उतरवण्याची मेहनत दोन्हीकडे सारखीच, हे खरं. पण भंगारातल्या बॉक्सची रिंग किती झिजली आहे, हे तो उघडल्याशिवाय दिसत नाही. आपला उघडला, तर रिंग शंकूवर हाताने दाबून मधली फट फीलर गेजने मोजता येते. ती कंपनीच्या मर्यादेपेक्षा कमी भरली तर रिंग बदलायची. त्याच मजुरीत ऑइल सील आणि रिलीज बेअरिंग नवी घालावीत, क्लच प्लेट तपासावी, कारण पुन्हा उतरवणं महागात पडतं. चाकांचे दातच तुटले असतील, तर मात्र दुसरा बॉक्स शोधणं योग्य.

म्हणून बॉक्स उतरवण्याआधी त्यातलं तेल पांढऱ्या भांड्यात काढायला सांगा आणि स्वतः पाहा. सोनेरी भुकटी दिसली तर रिंग झिजली आहे. पोलादाचे कपचे दिसले तर दात किंवा बेअरिंग.