मोडीतली ओळ आणि मेजर कँडींचा स्वल्पविराम

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. तिथून पायी थोड्याच अंतरावर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा आहे. इंग्रजांनी १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा काढली. पुढे मेजर थॉमस कँडी तिचे प्रमुख झाले. १८५० साली त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका निघाली आणि इंग्रजीतला स्वल्पविराम मराठीत रीतसर दाखल झाला.

त्याआधी काय होते? पेशवाईतले कारकून मोडी लिहीत. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची, मग बोरूने तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जायची. शब्दही सुटे नसत, मग स्वल्पविराम कुठला! तरी मजकूर अडत नसे. ‘ऐशियास’, ‘सबब’, ‘आणीक’ असा शब्द आला की मागचा मुद्दा संपल्याचे वाचणाऱ्याला कळे. वाक्ये जोडणारा शब्दच थांबायची जागा दाखवी, ही मला फार मोठी करामत वाटते.

इंग्रजीला हे का साधत नाही? ‘शी कॉल्ड राम अँड श्याम केम’ हे वाक्य पाहा. ‘श्याम’पर्यंत वाचले की तिने दोघांनाही बोलावले असे वाटते, ‘केम’ आल्यावर घोटाळा कळतो. म्हणून ‘अँड’च्या दोन्ही बाजूंना आपापला कर्ता आणि क्रियापद असेल, तर त्याच्याआधी स्वल्पविराम देतात. कर्ता एकच असेल तर सहसा देत नाहीत. मराठीत ‘तिने रामला बोलावले आणि श्याम आला’ म्हणताना विभक्ती आणि शेवटी येणारे क्रियापद हा घोटाळा होऊच देत नाहीत.

यादीतला स्वल्पविराम मात्र इंग्रजीत आजही वादाचा आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ‘ऑर’आधी तो नव्हता, म्हणून दूधगाड्यांच्या चालकांचा ओव्हरटाइमचा दावा २०१७ साली अपील न्यायालयात टिकला, पुढल्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. मराठीत ‘तांबे, पितळ आणि कासे’ असेच लिहितात. ‘आणि’आधी चिन्ह नाही.

‘पण’ची गोष्ट निराळी. ‘पाऊस आला, पण कसबा गणपतीची पालखी निघाली’ इथे आवाज खरोखरच थबकतो, म्हणून तिथला स्वल्पविराम मला हवासा वाटतो. आणि ‘मंडईत जाऊन भाजी आणून स्वयंपाक केला’ या वाक्यात तीन क्रिया आहेत, तरी ‘-ऊन’मुळे ना ‘आणि’ लागतो, ना स्वल्पविराम.