चित्त कोठे आहे?

बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत आणणे हेच मोठे काम होते. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि आमच्या डभोईची मुले दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीपुढे व मोबाइलपुढे बसली. हजेरी लागे, चित्त ठिकाणावर नसे. (यंत्राला हजेरीचेच कौतुक!) व्याख्यान दहा मिनिटांत आवरून आम्ही नावाने हाक मारून प्रश्न विचारू लागलो. ‘हिरा भागोळीची कथा आजीकडून ऐकून सांगा,’ म्हणताच अबोल मुलेही बोलती झाली. ज्या घरचा एकमेव मोबाइल वडिलांबरोबर कामावर जाई, तेथे आमचा तास रात्री आठनंतर भरे. दोन दिवस उत्तर न देणाऱ्या मुलाच्या दाराबाहेर उभे राहून शिक्षक विचारपूस करीत. एरवी पुढल्या वर्षी ते मूल शेतावर वा दुकानातच दिसले असते.